दुसरा पेला

"सस्ती? आमची किरपा सस्ती?" गेणभाऊंनी बशी खाली आपटली तसा चहा सतरंजीवर सांडला. "भर देवळात, चाळीस घरांच्या मंडळीपुढं पाळकानं आसं बोलावं? अरं, सस्ती ती रेशनच्या दुकानातली किडकी जवारी. किरपा बी आता कार्डावर मिळाया लागली का काय?"

मधल्या दाराआड सरूबाई किटली धरून उभी होती. उपदेश गेल्या रविवारचा, आज शनिवार. सहा दिवसांत तो एक शब्द जुन्नरच्या ख्रिस्ती आळीत असा काही फिरला होता की घराघरांतून चुलीपुढं त्याच्याच नावानं बोटं मोडली जात होती. ज्यानं तो उच्चारला तो तिचा एकुलता एक सोपान पंचांसमोर मांडी घालून बसला होता, आणि चेहरा असा की बोलणी जणू शेजारच्यालाच बसताहेत. हीच त्याची खोड. बापाचीही हीच होती.

सगळं अडलं होतं एका कागदावर. सोपान पाळकीचं शिक्षण घेऊन आला त्याला वर्ष झालं. वर्षभर मंडळीनं पारखायचं, मग तिघा पंचांनी सह्या करायच्या, मग मिशनचे साहेब त्याला कायम करणार, अशी रीत. साहेब सोमवारी पुण्याहून यायचे होते. सह्या झाल्या तर देवळाशेजारचं घर, आळीत मान, पुढं लग्नकार्य. नाही झाल्या तर नाव कटलं, आणि नाव कटलेल्या पाळकाला दुसरी कुठली मंडळी दारात उभं करत नाही. अकरा वर्षांचं विधवापण सरूबाईनं सासऱ्याच्या घरात मान खाली घालून काढलं ते याच तीन सह्यांसाठी. दुसरं काही तिनं देवाकडं मागितलं नव्हतं.

पंचांतले पहिले तिचे सासरे, चिमाजी अमोलिक. साठी उलटलेले, हाडाचे गवंडी. देवळाची उत्तरेकडची भिंत त्यांच्या हातची, आणि ती पाहूनच कळावं की रचणारा माणूस वाकायचा नाही. दुसरे गेणभाऊ, मामलेदार कचेरीत शिपाई, घरात चार लेकी लग्नाच्या. तिसरे सोमाजी. ते तपकीर ओढत, आणि चिमाजीबाबांची मान जिकडं हलेल तिकडं आपली हलवत. तेवढंच त्यांचं पंचपण.

"काका, तो शब्द माझा नाही," सोपान म्हणाला. "जर्मनीत एक लुथरन पाळक होता, मोठा शास्त्री. त्याचा आहे. लढाई सुरू व्हायच्या आधी तो अमेरिकेत होता, सुखरूप. तिथले म्हणाले, राहा इथंच. पण हा परत गेला. म्हणाला, माझी मंडळी आगीत आणि मी सावलीत, मग लढाई संपल्यावर कुठल्या तोंडानं त्यांना उपदेश करू? पुढं धरला, तुरुंगात टाकला, आणि लढाई संपायला महिनाही उरला नव्हता तेव्हा फासावर दिला. एकोणचाळीस वर्षांचा होता."

"वाईट झालं," गेणभाऊ म्हणाले. "पर तितं हिटलर व्हता बाबा. हितं कोन हाय? आमीच का?"

"इथं पेला आहे, काका."

हे म्हणायला नको होतं. सरूबाईनं दाराआड डोळे मिटून घेतले.

पण पेल्याचं कुणी काही बोलायच्या आत चिमाजीबाबांनी हात वर केला. इतका वेळ ते भिंतीला टेकून जमिनीकडं बघत होते.

"पेल्याचं मागनं बघू. आधी शबुद. सोपाना, तुला दोन पायलीचा ख्रिस्ती म्हंजे काय ठावं हाय का?"

सोपाननं आजोबांकडं पाहिलं.

"मोठ्या दुष्काळात मी नऊ वर्साचा व्हतो. धाकला भाऊ आयेच्या मांडीवरच गेला. मिशनच्या बंगल्यावर जवारी वाटीत व्हते, तितं बाप गेला. दगूड फोडायचं काम दिलं त्यास्नी. पुढल्या साली आमचा बाप्तिस्मा झाला. तवाधरनं ह्या जुन्नरात मी आयकतोय, दोन पायलीचा ख्रिस्ती. दोन पायली जवारीपायी देव इकला म्हनायचे. बाजारात म्हनायचे, कचेरीत म्हनायचे, भिताडं बांधाया जाईन तितं म्हनायचे. योकच जागा व्हती जितं आसं कुनी म्हनत नव्हतं. देऊळ. आन् तितं माझा नातू उभा ऱ्हायला, पांढरा झगा घालून, आन् म्हनला, सस्ती."

सोपानचा चेहरा पडला. तीन दिवस त्यानं त्या एका शब्दाशी झुंज घेतली होती, सरूबाईनं पाहिलं होतं. 'सवंग' लिहिलं, खोडलं. 'फुकट' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी 'स्वस्त' ठेवला, का तर तो सगळ्यांना कळेल. आणि कळला की! ज्याच्या त्याच्या जखमेवर नेमका जाऊन बसला.

"बाबा, चुकलो," सोपान म्हणाला, आणि उठून म्हाताऱ्याच्या गुडघ्याशी बसला. "खरं सांगतो, हे माझ्या मनातही नव्हतं. तुमच्या बापानं जे दिलं ते स्वस्त कसं असेल? गाव सुटलं, भावकी सुटली. मी ते म्हणतच नव्हतो. मी आत्ताचं म्हणत होतो. दर महिन्याला देवळात जायचं, पापांची क्षमा मागायची, ती मिळाली म्हणून हात जोडायचे, आणि घरी येऊन होतं तसंच राहायचं. मोडायचं काही नाही, सोडायचं काही नाही. त्या पाळकाचं म्हणणं एवढंच, की अशी कृपा आपणच आपल्याला वाटून घेतो. देवाकडून आलेली माणसाला जागचा हलवते."

चिमाजीबाबांनी नातवाच्या डोक्यावर हात ठेवला नाही, पण गुडघाही मागं घेतला नाही. सरूबाईच्या जिवात जीव आला. तिनं पुढं होऊन चहा ओतला.

तेवढ्यात तिची नणंद ठकूबाई ओल्या हातांनी माजघरातून बाहेर आली. नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, चिमाजीबाबांची थोरली लेक. जीभ अशी तिखट की आळीतल्या भांडणांत लोक तिलाच पंच म्हणून बोलवीत, खऱ्या पंचांना नाही.

"मला योक सांग रं सोपाना. त्या तुझ्या जर्मनाला पोरंबाळं व्हती का?"

"नाही, आत्या. लग्न ठरलं होतं. झालं नाही."

"तरीच!" ठकूबाई म्हणाली. "सडा मानूस. त्याचं काय जातंय फासावर जाया?"

गेणभाऊ मोठ्यानं हसले, आणि हसता हसताच त्यांना स्वतःच्या लेकी आठवल्या. हसू तिथंच थिजलं. "त्येच तर म्हनतोय मी! चार पोरी हायत माझ्या. नगरची सोयरी, संगमनेरची सोयरी इचारतील का न्हाई, जुन्नरची मंडळी म्हनं मांगांच्या उष्ट्या पेल्यानं पिती? कोन करील सोयरीक?"

तर पेला. प्रभुभोजनाचा चांदीचा पेला कुणा मडमेनं देवळाला दिलेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो चाळीस घरांच्या ओठांना लागे आणि कुणाला त्यात विटाळ वाटत नसे. पण दाराशी एक चटई अंथरलेली असे. तिच्यावर बेल्ह्याकडची सात घरं बसत, दोर वळणारी, मांगवाड्यातली. त्यांच्यासाठी दुसरा पेला, पितळेचा, कल्हई केलेला. मंडळीच्या वहीत लिहिलं होतं, 'गर्दीमुळे सोयीसाठी'. आता जुन्नरच्या देवळात गर्दी कधी झाली हे वही लिहिणाऱ्यालाच ठाऊक! चाळीस घरं महारवाड्यातून आलेली, सात घरं मांगवाड्यातून. गावाच्या विहिरीवर दोघांनाही कुणी उभं करत नव्हतं. पण आधी आलेल्यांनी येताना आपली पायरीही सोबत आणली होती, आणि ती देवळात नीट मांडून ठेवली होती.

आणि सोपाननं उपदेशाच्या शेवटी सांगून टाकलं होतं की पुढच्या रविवारी पेला एकच असेल. तो पुढचा रविवार म्हणजे उद्या.

"चाळीस घरांचं उष्टं आपण पितोच ना, काका," सोपान म्हणाला. "मग एकेचाळिसाव्याचं तेवढं कडू का?"

"तुला न्हाई कळायचं ते. तुझ्या बापालाबी कळलं नव्हतं."

गेणभाऊंनी जीभ चावली. सोमाजींनी चिमटीतली तपकीर तशीच धरून ठेवली.

"माझ्या बापाचं काय?" सोपाननं विचारलं.

त्यानं आईकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं. बाप, दाउद, देवळातला वाचक, थंडीतापानं गेला. सोपान तेव्हा सोळा वर्षांचा, नगरला बोर्डिंगात. पत्र चौथ्या दिवशी पोचलं, तो आला तेव्हा मातीसुद्धा वाळली होती. एवढंच त्याला माहीत होतं, कारण एवढंच त्याला सांगितलं होतं. आळीनंही त्याच्यापुढं तो विषय कधी काढला नव्हता.

बोलले ते चिमाजीबाबाच. आवाज वर चढला नाही, उलट खाली गेला.

"तुझा बाप बेल्ह्याला मांगवाड्यात गोजरबाईच्या घरी जेवला. तिच्या तांब्यानं पानी प्याला. लपून न्हाई, देवळात उभं राहून सांगितलं. पंचांनी वाळीत टाकला त्याला. सात म्हयनं. पयली सही माझी." ते थांबले. "कुनी यीना का जाईना. त्यातच आजारी पडला. आता तू म्हनतोस पेला योक करा. करू की! रीत मोडाया काय लागतं? पर मंग मला येवढंच सांग, मी पोटच्या पोराला वाळीत टाकलं ते कशापायी? तो उगाच मेला का रं?"

या प्रश्नाला कुठल्या जर्मनाकडं उत्तर होतं? सरूबाईला वाटलं, आत्ता पुढं व्हावं आणि म्हाताऱ्याला विचारावं, की उगाचच नाही तर काय? पण सुनेनं असं विचारायचं नसतं, आणि उद्या सही याच हातानं व्हायची होती.

"आता माझं आयका," ठकूबाई मध्येच म्हणाली. ती केव्हा बाजू बदलील याचा नेम नसे. "पोरगं चुकीचं न्हाई बोलत. मला बी दाउदाचं आजून सलतंय. पर सोपाना, बिनसहीचा पाळक म्हंजे बिनबैलाची गाडी. आधी सही घे. कायम हो. मंग म्हयन्यानं, दोन म्हयन्यानं कर तुझा पेला योक. तवा तुला कोन हालवनार हाय?"

गेणभाऊ आढ्याकडं पाहत होते, जणू ऐकलंच नाही. ही पळवाट त्यांनाही परवडणारी होती.

चिमाजीबाबा उठले. "उद्या दोन पेले दिसले तर देवळातच सही करीन. योक दिसला तर न्हाई." सोमाजींची मान हलली. बैठक मोडली.

उन्हं कलल्यावर सरूबाई मागच्या ओट्यावर मनुका कुस्करायला बसली. प्रभुभोजनाचा द्राक्षारस तिच्या हातचा असे. आदल्या दिवशी सकाळी काळ्या मनुका भिजत घालायच्या आणि संध्याकाळी फडक्यातून पिळायच्या. सोपान येऊन समोरच्या पायरीवर बसला. शिवनेरीच्या कड्यावरून ऊन उतरत होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुज्या आज्यानं तुज्या बापाला मारलं म्हनून सांगू? त्याच्याच घरात त्याचंच खाऊन?"

"कोणी आलं होतं का? शेवटी?"

सरूबाईचे हात थांबले. हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं.

आलं होतं. दोघंजण आले होते. आळीतली दारं लागलेली, चिमाजीबाबा ओसरीवर दगडासारखे बसलेले, आणि दुपारच्या वेळी बेल्ह्याहून गोजरबाई आली होती, सोबत लेक बहिरू. बहिरूनं एकट्यानं कबर खणली. पेटी खाली सोडायला दोर लागतो, तो आळीतून कुणी देईना. गोजरबाईनं पाठीवरच्या गाठोड्यातून घायपाताचे दोन नवे दोर काढले. बाजारात विकायला वळलेले. काम झाल्यावर ती अंगणात पाणी मागायला आली. आणि सरूबाईनं, नुकत्याच विधवा झालेल्या सरूबाईनं, तिला पाणी दिलं. ओंजळीत, वरून ओतून. तांब्या हातात दिला नाही. गोजरबाई ते प्याली आणि म्हणाली, देव तुजं भलं करो बाय.

हे आत्ता सांगितलं तर सोपान उद्या एकच पेला धरील, मग आभाळ कोसळो. आईला आपलं पोर कळतं.

"कुनी न्हाई आलं," ती म्हणाली. "सांच्याला गेणभाऊ येऊन गेला. बस."

सोपाननं खाली पडलेली एक मनुका उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "आई, बापानं चूक केली होती का?"

"न्हाई."

"मग?"

"मंग काय? खरं व्हतं म्हनूनच तर मेला! खोटं असतं तर माफी मागून सुटला असता." फडकं तिनं इतकं पिळलं की रस कोपरापर्यंत ओघळला. "तू त्या जर्मनाचं सांगतोस. लई मोठा मानूस, मी न्हाई म्हनत न्हाई. पर त्याची आये व्हती का रं? तिला कुनी इचारलं का, बाई तुला काय वाटतंय? आं? किरपा म्हाग हाय म्हनतोस. म्हाग हाय तर त्याचं मोल दर बारीला मीच का द्यायचं? योकदा दिलं की! नवरा दिला. आता पोरगा बी द्येऊ का?"

"मला कुणी मारत नाही, आई."

"त्याला तरी कुठं कुनी मारलं व्हतं?"

ती रडायला लागली. ती सहसा रडत नसे, आणि म्हणून तिला रडताही नीट येत नसे. रसानं माखलेला हात तिनं पुढं केला आणि सोपानचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला.

"माज्या गळ्याची आन घे. उद्या दोन पेले ठिवशील म्हन."

"शपथ वाहू नये असं शास्त्रात आहे."

"मंग मोड शास्त्र. येवढ्या बारीला. म्होरल्या म्हयन्यात कर तुला काय करायचं ते. मी आडवी येनार न्हाई. येवढीच बारी, बाबा."

सोपाननं हात ओढून घेतला नाही. बराच वेळ तो आईच्या डोक्यावर तसाच राहिला.

"एवढ्या वेळेलाच," तो म्हणाला.

सरूबाई जिंकली. तिला हायसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. खोटं कशाला बोला. रात्री ती दोन घास जास्तच जेवली.

रविवारी देऊळ भरलं. इतकं की 'गर्दीमुळे सोयीसाठी' हे पहिल्यांदाच खरं झालं असतं. काय होतंय ते बघायला जे वर्षभर फिरकत नाहीत तेही आले होते. दाराशी चटईवर बेल्ह्याची माणसं होती. पुढं गोजरबाई, सत्तरीची, पाठीत पार वाकलेली, पण आज लुगडं धुवट आणि डोक्याला तेल. बहिरूनं बेल्ह्याच्या बाजारात ऐकलं होतं की एक पेला होणार. ते ऐकून म्हातारी आळेफाट्यापर्यंत चालत आली, पुढं एसटीनं. दोन दिवस तिनं उपास धरला होता, असं बहिरूच्या बायकोनं सरूबाईला दारातच सांगितलं. उपास कशासाठी? तर म्हणाली, आजवर अशा पेल्याला तोंड लावलं न्हाई, तोंड चोख पायजे.

सरूबाई पुढच्या बाकावर जाऊन बसली.

गाणी झाली, प्रार्थना झाली. उपदेश सोपाननं थोडक्यात आटपला. कशावर होता ते नंतर कुणाला आठवेना. मग त्यानं मेजावरचं पांढरं फडकं उचललं. दोन पेले होते. मंडळीतून एक निःश्वास उमटला, आणि गेणभाऊंनी सदऱ्याची कॉलर नीट केली.

भाकर मोडली, वाटली. चांदीचा पेला बाकाबाकावरून फिरला. सरूबाईच्या ओठाला तो लागला तेव्हा रस तिला गोड लागला नाही, आंबटही नाही. नुसतं पाणी प्यावं तसं झालं. मग सोपाननं तो मेजावर ठेवला, पितळी पेला उचलला आणि दाराकडं चालू लागला. देऊळ काही मोठं नाही, वीस पावलं. सरूबाईला ती मोजता आली.

गोजरबाईनं हात पुढं केले होते. पेला जवळ आला तसं तिनं मान वर केली. तिला कमी दिसायचं. तिनं बोटांनी पेल्याची कड चाचपली.

"ह्यो त्योच हाय नव्हं?" तिनं विचारलं. हळू विचारलं, पण पुढच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "योकच म्हनलं व्हतं ना, पाळकबाबा?"

सोपाननं तोंड उघडलं. 'पुढच्या महिन्यात' म्हणायचं होतं बहुधा. पण पेला हातात धरून, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून ते म्हणता येत नाही.

गोजरबाईची बोटं अजून पेल्याच्या कडेवर होती. पेल्यातला रस हिंदकळत होता. मग तिनं काय करावं? शिव्या द्यायला हव्या होत्या, उठून जायला हवं होतं. तिनं आपला सुरकुतलेला हात त्याच्या हातावर ठेवला आणि पेला स्थिर केला.

"ऱ्हाऊ दे, लेकरा," ती म्हणाली. "आन्‌ आसू दे ह्योच. आमाला सवय हाय. तू नगं जिवाला लावून घेऊ."

आणि प्याली. डोळे मिटून, भक्तिभावानं प्याली.

बहिरू प्याला नाही. तो उठला, पायताण घातलं आणि काही न बोलता बाहेर पडला. त्याच्यामागं त्याची बायको गेली. बाकीची पाच-सात माणसं खाली मान घालून प्याली. पुढच्या बाकांवरून कुणी मागं वळून पाहिलं नाही.

सह्या तिथंच झाल्या, मेजावर, उपासना संपल्या संपल्या. पहिली चिमाजीबाबांची. गवंड्याची सही, सावकाश, एकेक अक्षर बसवलेली. सही करून म्हातारा सोपानच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडला. दाउद उगाच मेला नाही, असंच त्याला वाटलं असणार. ठकूबाईनं आळीभर गूळ वाटला.

पुढच्या महिन्यात गेणभाऊंच्या थोरलीचं जमत आलं होतं, नगरचे पाहुणे येऊन बसलेले. तेव्हा नको म्हटलं. त्याच्या पुढच्या महिन्यात चिमाजीबाबांना पक्षाघाताचा झटका आला. म्हाताऱ्याच्या जिवाला धक्का नको म्हटलं. तो दीड वर्ष अंथरुणावर होता. बहिरू पुन्हा आला नाही. गोजरबाई दोनदा आली, मग यायची थांबली; तिनं हाय खाल्ली की वाट झेपेना, कळलं नाही. ती गेल्याचंच कळलं, तेही पंधरा दिवसांनी. बेल्ह्याची चटई महिन्यागणिक रिकामी होत गेली आणि एका रविवारी तिच्यावर कुणीच नव्हतं. पितळी पेला कुणासाठी भरायचा? अशा रीतीनं जुन्नरच्या देवळात पेला एकच झाला. वहीत त्याची नोंद नाही.

सोपान चांगला पाळक झाला. साथीत घरोघर फिरला, भांडणं मिटवली, गेणभाऊंच्या चारही लेकींची लग्नं लावली. उपदेश नेमस्त करायचा, कुणाला टोचेल असा शब्द पुन्हा कधी वापरला नाही. मंडळी खूष होती.

पेले विसळण्याचं काम सरूबाईकडं होतं. सगळ्यांना देऊन झालं की पाळकानं शेवटचा घोट स्वतः घ्यायचा असतो. त्या सह्यांच्या रविवारी तिला चांदीच्या पेल्यात तो घोट तसाच दिसला. गडबडीत विसरला असेल म्हणून तिनं ओतून दिला. पुढच्या महिन्यातही तो तसाच होता. त्याच्या पुढच्याही. मेजाकडं तोंड, मंडळीकडं पाठ. सोपान पेला उचलायचा, ओठांपाशी न्यायचा आणि खाली ठेवायचा. पाठीमागून कुणाला कळत नसे. सरूबाईला कळे. तिनं विचारलं नाही. विचारायची हिंमत गोळा करायला तिला चार वर्षं लागली.

चौथ्या वर्षी, पावसाळा सरल्यावर एका रविवारी, ओट्यावर पेला विसळताना तिनं तो त्याच्यापुढं धरला. तळाशी घोटभर रस होता.

"तू का घेत न्हाईस रं?"

सोपान कुणा आजाऱ्याला भेटायला निघाला होता. त्यानं पेल्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मला परवडत नाही, आई," तो म्हणाला, आणि काखेत छत्री मारून बाहेर पडला.